पूर्वीचा मालक

लॉट नंबर सव्वीस. जोंगा, एक नग.
कागदावर लिहिलेलं : जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.
इतक्या सरळ अटीवर मला आजवर
कुणी काही दिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

देवळालीहून चोपड्यापर्यंत
मुनाफ मिस्त्रीच्या ट्रकमागे बांधून आली.
धुळ्याच्या पुढे तिचा हॉर्न आपोआप वाजू लागला,
बंद होईना.
अमळनेरात लोकांनी रस्ता दिला,
काहींनी उगाच रामराम घातला.

माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं.
सातपुड्याच्या पोटात, वैजापूरच्या वरच्या अंगाला
पाड्यांवरचे पंप जळतात,
आणि माझी मोटारसायकल नाल्यातल्या गोट्यांवर
दर आठवड्याला आडवी होते.
म्हणून ही. हौस म्हणून नाही,
असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं.
त्या ‘बरं’चं वजन गाडीपेक्षा जास्त होतं.

मग जळगाव, आरटीओ.
खिडकी चार, खिडकी सात, पुन्हा चार.
सगळं भरून झालं, एक रकाना राहिला :
पूर्वीच्या मालकाचे नाव.
लष्कराचे कागद उलटेपालटे केले.
मालक : भारताचे राष्ट्रपती.
खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला,
“यांची सही लागेल.”
एजंट विसपुते हसला नाही.
एकोणीस वर्षं तो त्या आवारात उभा आहे.
म्हणाला, “मॅडम, ते जेवायला गेलेत.”

चेसिस नंबरचा ठसा हवा होता.
मुनाफने खरवडायला घेतलं. हिरवा निघाला,
त्याखाली वाळूचा रंग, त्याखाली पुन्हा हिरवा,
त्याखाली पांढरा, बर्फात लावत असतील तसा,
आणि तळाला लाल प्रायमर, ओल्या विटेसारखा.
कुणीच बोललं नाही थोडा वेळ.
मग कागद दाबून धरला, पेन्सिल आडवी फिरवली,
लहानपणी चार आण्यावर फिरवायचो तशी.
जिथे पेन्सिल पोचली नाही
तिथे तिचा नंबर उमटला.

साहेब म्हणाले, हा हिरवा चालणार नाही.
मी म्हणालो, केळीच्या पानाचा करतो.
नाही.
बामणोदच्या वांग्याचा?
म्हणाले, वांग्याचा रंग सरकारदरबारी कोणता,
तेवढं लेखी आणा.

शेवटी दुकानातला राखाडी मारला,
जो मी जळून आलेल्या मोटरींना मारतो
त्या बऱ्या होऊन घरी जाताना.

रंग वाळत होता त्या दुपारी निंबा आबा आले.
सव्वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर.
कुठे, केव्हा, ते कधी सांगत नाहीत.
विचारलं नाही, चढून बसले.
न बघता सीटमागे हात घातला
आणि एक पाना काढला,
जो आम्हाला तीन महिन्यांत सापडला नव्हता.
जरा हातात तोलला. परत तिथेच ठेवला.
उतरताना म्हणाले, “रिव्हर्सले नखरा करस हाई.”
“हीच होती का, आबा?”
“समद्याच करतस.”
हाताला लागलेला राखाडी
धोतराला न पुसता तसाच घेऊन गेले.

जुन्या पाटीवर आकड्यांच्या आधी
वर तोंड केलेला एक बाण होता.
नव्या पाटीवर नाही. तिथे एमएच एकोणीस,
पुढे दोन अक्षरं, चार आकडे;
त्यांची बेरीज बायकोने केली,
चांगली येते म्हणाली.
जुनी पाटी दुकानात टांगलीय.
गिऱ्हाईक विचारतं, बाण कुठे दाखवतो?
मी वर बघतो.
वर वार्निश केलेली कॉइलं वाळत असतात.

काल पहिल्यांदा वैजापूरच्या चढाला लावली.
नाला आला, गोटे आले,
ती आपली गुरगुरत निघून गेली,
जणू असले नाले तिने हिशेबात धरलेच नव्हते.
पाड्यावर मोटर उतरवली, चहा झाला.
पुढे वाट नव्हती, वळायला जागा नव्हती.
पोरं दगडावर रांगेत बसून बघत होती.
मी रिव्हर्स टाकला
आणि वाट बघत बसलो.